नदीवाल्या गाण्याचा मधला तुकडा

रुपराव झाडेनं बेस गिटार वाजवायचं कबूल केलं, हे ऐकून त्याची बायको प्रेमिला हातातला झारा घेऊनच बाहेरच्या खोलीत आली.

"तुमी? अन् त्या विश्वनाथरावाच्या मागं उभे राहणार?"

"मागं नाई, बाजूले," रुपराव म्हणाला. "अन् एक अट टाकली मी."

आता हे नीट समजायचं तर बेस म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. इंग्रजी बँडात दोन तऱ्हेच्या गिटारी असतात. एक लीड. ती पुढे असते, ती बोलते, लोक तिच्याकडे पाहतात. दुसरी बेस. जाड तारांची, धुम् धुम् करणारी. ती वाजते तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि बंद पडली की सगळे म्हणतात, काहीतरी बिघडलं बुवा. रुपराव जन्माचा लीडवाला. आता चाळिशीला टेकलेला, पाटबंधारे खात्यात कारकून, नागपूरच्या नंदनवन वस्तीत दोन खोल्यांचं घर, कपाळ मागे मागे सरकत चाललेलं, पण लीडवाला तो लीडवालाच. त्यानं बेस धरायचं कबूल केलं ते एकाच गोष्टीसाठी. नदीवाल्या गाण्याचा मधला तुकडा त्याला लीडवर वाजवायचा होता. भरल्या हॉलात, माईकसमोर, कॉलेजापासूनचा वैरी जो विश्वनाथ, त्याच्या देखत. बाकी सगळी गाणी धुम् धुम् करायला तो राजी होता.

त्या तुकड्यापायी माणसानं इतकी वर्षं जळावं, असं काय होतं त्यात? ऐका.

त्रेसष्ट साली रुपराव काटोलकडच्या आपल्या गावातून नागपूरला शिकायला आला. बाप महादेवराव संत्र्याच्या बागेत हयात घातलेला माणूस. पोरगा बी.एस्सी. होईल आणि कृषी खात्यात चिकटेल, अशी त्याची समजूत. पोरगा लागला गिटारच्या नादाला. होस्टेलात एकाजवळ जुनी गिटार होती. ती हातात आली आणि इंटरची परीक्षा हातची गेली. कोणीतरी बापाच्या कानावर घातलं की पोरगा बँडात वाजवतो. बाप पहिल्या एसटीनं आला आणि दारातच गरजला, "शिकाले धाडलं तुले, अन् तू वरातीत वाजवून राहिला?" वरातीचा बँड वेगळा आणि हा वेगळा, हे समजावता समजावता रुपराव रडकुंडीला आला. शेवटी बाप म्हणाला, "कोणताई असो, घोड्यासमोर चालू नको म्हणजे झालं," आणि संत्र्यांची टोपली ठेवून परत गेला.

त्या काळात इंग्रजी गाण्याची रेकॉर्ड नागपुरात मिळायची मारामार. जे ऐकायचं ते शॉर्ट वेव्हवर, आठवड्यातून एकदा, फर्माइशीच्या कार्यक्रमात. म्हणून गाणं शिकायची तऱ्हाही तशीच होती. मेसवाल्या जिजाबाईच्या रेडिओभोवती पोरं कोंडाळं करून बसायची. एकानं शब्द पकडायचे, एकानं चाल, एकानं ठेका. सुटेल ते पुढच्या आठवड्यात. शब्द तर काय, निम्मे इंग्रजी आणि निम्मे आपल्या मनचे. नदीवालं गाणं असंच पकडलेलं. नदीकाठी उभं राहून कोणीतरी कोणाला तरी हाका मारतो एवढाच अर्थ लागला, म्हणून ते नदीवालं. खरं नाव काय होतं देव जाणे.

पण त्यात एक गोम होती. दोन कडवी झाली की नुसती वाजवायची जागा यायची, आणि नेमकी तिथेच निवेदिका बाई गाण्याचा आवाज बारीक करून फर्माइश करणाऱ्यांची नावं वाचायची. अमक्या गावचे तमके, त्यांच्या बहिणी, त्यांची वहिनी, त्यांचं मित्रमंडळ. नावं संपेतो तिसरं कडवं सुरू! दर आठवड्याला हेच. अख्ख्या नागपुरात त्या गाण्याचा मधला तुकडा एकानंही ऐकलेला नव्हता, राजेहो!

मग ज्यानं त्यानं तो आपल्या मनानं भरला. पण मनानं भरला असं कबूल कोण करतो? सगळे छाती ठोकून सांगायचे, बाईच्या आवाजामागून आम्हाला बारीक ऐकू आला. रुपरावही तेच सांगायचा. वर त्याला ते खरं वाटायचं. मेसच्या गच्चीवर एका दुपारी त्याच्या बोटांखाली तो तुकडा आला. खालून वर चढत गेलेला, वर एका सुरावर हट्टी पोरासारखा अडून बसलेला आणि मग घरंगळत खाली उतरलेला. तो इतका बरोबर बसला की हा आपला असेल हे रुपरावच्या डोक्यातही आलं नाही. काटोलकडच्या पोराला एवढं चांगलं कुठून सुचणार? नक्कीच रेडिओतून कानात शिरलं असणार!

सदुसष्टच्या गॅदरिंगला स्पर्धा झाली. रुपरावच्या बँडचं नाव 'थंडर ऑरेंजेस'. समोर 'सिल्व्हर स्टिक्स', म्हणजे विश्वनाथ धर्माधिकारीचा बँड. विश्वनाथ महाल भागातल्या जुन्या घराण्यातला, गोरापान, चष्मेवाला, बोटं लांबसडक. दोघांनीही नदीवालं गाणंच म्हटलं. मधला तुकडा ज्याचा त्याचा. परीक्षक इंग्रजीचे प्राध्यापक. त्यांनी निकाल दिला, विश्वनाथच्या बँडनं मूळ गाण्याला धरून वाजवलं आहे, सबब पहिलं बक्षीस. झाडे यांचा तुकडा आकर्षक, परंतु चुकीचा. अरे, मूळ गाणं तुम्ही तरी कुठे ऐकलं होतं, सर? पण टाय बांधलेल्या माणसाला हे कोण विचारणार! रुपराव होस्टेलात परत आला तो तोंडात घास घालेना.

त्यानंतर नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली, बँड फुटले. चुकीचा हा शब्द मात्र रुपरावच्या छातीत रुतून बसला. दर रविवारी कपाटावरची गिटार खाली यायची, आणि नंदनवनातल्या त्या खोलीत तोच तुकडा वाजायचा. पोरं त्यावर झोपली, त्यावर उठली.

आणि मग त्र्याऐंशी साली चंद्रभाननं हे नवं खूळ काढलं.

चंद्रभान म्हणजे तिसऱ्याच एका बँडचा जुना ड्रमर. आता उमरेड रोडवर त्याचं मंडप डेकोरेशन आणि लाऊडस्पीकरचं दुकान. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला, मंडपाचं काम याला मिळालं, आणि याच्या मनात आलं की आपल्या जुन्या खोंडांनी मिळून एक नवा बँड उभा करावा. त्यानं विश्वनाथला बँकेतून उचललं, रुपरावला ऑफिसातून आणि गायक मनोहररावला शाळेतून. रविवारी सकाळी दुकानामागच्या गोदामात तालीम. एका बाजूला गुंडाळलेल्या कनाती, दुसऱ्या बाजूला खुर्च्यांच्या थप्प्या, आणि ड्रम वाजला की सतरंज्यांतून अशी धूळ उठायची की मनोहरराव निम्मं गाणं शिंकण्यात घालवायचा.

चौघंही आपापल्या बँडचे लीडर होते, तिथंच घोडं अडलं. बँडचं नाव ठरवण्यात एक रविवार गेला, कोण कुठे उभा राहील यात दुसरा. लीड दोघांना पाहिजे आणि बेस कोणालाच नको. शेवटी चंद्रभान वैतागला.

"एका मांडवात दोन नवरदेव कसे बसवू गा मी? एकानं तरी मागं सरका ना बे!"

रुपराव सरकला. आणि त्यानं अट घातली. नदीवाल्या गाण्यापुरत्या दोघांनी गिटारी बदलायच्या, मधला तुकडा त्यानं वाजवायचा, त्याच्या पद्धतीनं.

"पण तुझा तुकडा चुकीचा आहे रे," विश्वनाथ म्हणाला. बँकेत चेक परत करावा तितक्या शांतपणे म्हणाला.

"तुझा चुकीचा! मी सोता आयकला होता, बाईच्या आवाजामागून!"

"मीही ऐकला होता."

"मंग तुझ्या कानात मळ होता!"

असे किती रविवार गेले म्हणून सांगू. चंद्रभान मधे पडला, मनोहररावनं हात जोडले, तेव्हा कुठे विश्वनाथनं मान हलवली. रुपराव त्या दिवशी घरी शीळ घालत आला.

पण सुख पचायला नशीब लागतं ना! दिवाळीला विश्वनाथची बहीण लतिका मस्कतहून आली आणि तिच्या सामानातून जुन्या इंग्रजी गाण्यांची एक कॅसेट निघाली. त्यात नदीवालं गाणं. खरं, मूळ, बाईशिवाय.

रविवारी विश्वनाथनं ती चंद्रभानच्या डेकमधे घातली. "आता होऊन जाऊ दे काय ते," तो म्हणाला. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. चौघं डेकवर वाकले.

मधे गिटार नव्हतीच.

नुसता ड्रम आणि टाळ्या! धाड धाड, टाळ्या, धाड धाड, टाळ्या, आणि तिसरं कडवं सुरू. बस. ज्यासाठी दोघांनी तरुणपणभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, ती जागा गिटारची नव्हतीच. चंद्रभान सतरंजीवर लोळून हसायला लागला. "माझा होय बे तो तुकडा! ड्रमवाल्याचा होय! अन् हे दोघं जन्मभर भांडून राहिले!"

विश्वनाथचा चेहरा उतरला. रुपराव पांढराफटक पडला. त्यानं कॅसेट मागे नेली, पुन्हा ऐकली, पुन्हा मागे नेली. मग स्कूटर काढली. घराकडे जायला ग्रेट नाग रोडला वळायचं सोडून सरळ पुढे गेला, परत फिरला, आणि त्या परत फिरण्यात त्याच्या डोक्यात उजेड पडला. रेडिओवर जे नव्हतंच ते आपल्या कानात शिरणार कुठून? मग तो आला कुठून?

घरी पोचला तो चपला न काढताच आत गेला.

"प्रेमिला! तो तुकडा माझा होय वं! मी बनवला!"

प्रेमिला भाजी निवडत होती. "मंग? मले वाटलं तुमाले माहीत हाय."

"तुले कसं माहीत?"

"अजी, रेडिओवर कधी आयकला का मी तो? कॅसेटवर? फक्त तुमच्याच हातून आयकला. मंग कोणाचा राहीन?"

रुपराव खाटेवर बसला. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, खोटं कशाला सांगू. ज्या तुकड्याला लोकांनी चुकीचा म्हटलं, तो चुकीचा नव्हता, बरोबरही नव्हता; तो त्याचा होता. सगळ्या आयुष्यात त्यानं स्वतः केलेली एकुलती एक गोष्ट!

पुढच्या रविवारी तो तालमीला गेला तो छाती काढून. म्हणाला, मूळ गाण्यात काही नाही तर नसू दे, माझा तुकडा माझा म्हणून वाजवू.

"कसं जमेल?" विश्वनाथ म्हणाला. "लोकांकडे आता टेप आहेत. मूळ गाणं माहीत असलेला एक जरी निघाला तर आपलं हसं होईल. आपण काय कॉलेजातली पोरं आहोत का, मनचं वाजवायला? आहे तसं वाजवू."

"अबे पण अट होती!"

"अट तुझा बरोबर की माझा, याची होती. दोन्ही चूक निघाले. अट संपली."

बँकवाले! चंद्रभानकडे पाहावं तर तो आधीच धाड धाड करत होता. आयुष्यात पहिल्यांदा एकट्या ड्रमला जागा मिळालेली, तो ती कशाला सोडतो? मनोहरराव म्हणाला, "मले तर बरंच हाय बावा. तेवढ्यात पाणी पिता येते." रुपरावनं बेस सतरंजीवर टाकली आणि निघून आला.

दोन दिवस तो घरात धुमसत होता. भाजीत मीठ कमी, पंखा हळू, पोरं उनाड, सगळं त्याला डाचत होतं. शेवटी प्रेमिलाच म्हणाली, "सोडाचा असन तर खुशाल सोडा. पण मंग म्हातारपणापर्यंत माह्यासमोर कुरकुर करू नका." रुपरावला घरी बसून कुरकुर करण्यापेक्षा स्टेजवर उभं राहून कुरकुर करणं बरं वाटलं. तो परत गेला. आता अट नाही, गिटार बदलणं नाही, पहिल्यापासून शेवटपर्यंत धुम् धुम्.

मेळाव्याला हॉल भरला. पोट सुटलेले, टक्कल पडलेले, बायकापोरांना घेऊन आलेले सगळे जुने चेहरे. प्रेमिला तिसऱ्या रांगेत बसली होती. पहिली गाणी बरी गेली, मनोहररावला शिंक आली नाही, आणि नदीवालं सुरू झालं तशी हॉलभर आरोळी उठली. पहिलं कडवं. दुसरं. मग चंद्रभान पेटला. धाड धाड, धाड धाड.

लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कोणीतरी ओरडलं, "अबे, विसरले का? मधलं कुठी गेलं?" आणि मागच्या रांगेतून एक शीळ आली. खालून वर चढणारी, वर अडून बसणारी. दुसरी शीळ तिला मिळाली, मग चार, मग होस्टेलची सगळी जुनी मंडळी. रुपरावचा तुकडा! मेसमधे, संडासाच्या रांगेत, सायकलवर जो त्यांनी ऐकला आणि घोकला होता, तो. विश्वनाथचा बक्षीसवाला एकालाही आठवत नव्हता.

रुपरावचे कान तापले. त्याला पाहिजे होतं ते सगळं समोर होतं, आणि हातात ही जाडी! त्यानं त्याच जाड तारांवर तुकडा धरायचा प्रयत्न केला, तर म्हैस हंबरावी तसा आवाज आला आणि शिळांत बुडाला. लोक आता पाय आपटायला लागले होते. तेवढ्यात विश्वनाथ एक पाऊल पुढे आला, त्यानं लीडचा आवाज वाढवला आणि वाजवलं.

रुपरावचा तुकडा. सबंध. एक सूर इकडचा तिकडे नाही. वर जाऊन अडायची ती जागा तर त्यानं अशी धरली की हॉलमधे टाळ्यांचा पाऊस पडला. रुपरावची बोटं सवयीनं खालून बेस देत राहिली. आणि सगळ्यांत वाईट गोष्ट सांगू? छान वाजवलं विश्वनाथनं. रुपरावपेक्षा छान. रुपरावला ते ऐकू येत होतं आणि त्याच वेळी विश्वनाथचा गळा धरावासा वाटत होता.

पडद्यामागे आल्याबरोबर त्यानं विश्वनाथला धरलं. "केव्हा शिकला बे तू हे?"

विश्वनाथ चष्मा पुसत राहिला. "गॅदरिंगमधे ऐकला ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मग मला माझा आवडेचना. घरी मी तुझाच वाजवतो."

"अन् इतकी वर्षं मले चुकीचा म्हणून राहिला?"

"बक्षीस मला मिळालं होतं रे. मी काय म्हणणार होतो?"

रुपराव म्हणाला, "मंग आता सांग सगळ्यायले."

"सांगतो," विश्वनाथ म्हणाला. "चल."

आणि तो खरंच गेला, हे त्याच्या पदरात टाकायलाच हवं. बाहेर मांडवात जेवणं सुरू झाली होती. विश्वनाथ दिसताच लोकांनी त्याला गराडा घातला. वा धर्माधिकारी, काय तो तुकडा, आम्ही पुन्हा कॉलेजात गेलो! विश्वनाथनं हात वर केला.

"थांबा, थांबा. तो तुकडा माझा नाही. हा रुपराव झाडे, यानं बनवला तो. मी फक्त त्याचा उचलला."

होस्टेलात तो कोणाच्या हातून ऐकला, हे एकालाही आठवत नव्हतं. तेच ते इंग्रजीचे प्राध्यापक, आता काठी टेकत आलेले, सद्गदित होऊन म्हणाले, "पाहा! याला म्हणतात मनाचा मोठेपणा. स्वतःचं श्रेय जोडीदाराला देतो आहे."

टाळ्या पडल्या.

"अहो सर, खरंच त्याचा आहे," विश्वनाथ काकुळतीला आला, आणि लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. पलीकडून प्रेमिला म्हणत होती, "अजी, खरं सांगून राहिले ते, आमच्या यायचाच होय," आणि तिच्या शेजारची बाई कौतुकानं हसून तिच्या ताटात जिलेबी वाढत होती. रुपरावला रडावं की कोणाच्या डोक्यात वाटी घालावी ते कळेना. तो घुसत घुसत पुढे गेला. इतकी वर्षं जे त्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं, ते तो चारचौघांत मोठ्यानं म्हणाला.

"माझा होय तो. मी बनवला. मेसच्या गच्चीवर. माझा होय."

समोरच्या गृहस्थानं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि चेहरा ओळखीचा वाटल्यासारखा प्रेमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो, हो. तुम्ही बाजूला उभं राहून वाजवत होता ना? तेही छान होतं हो. ताट घ्या तुम्ही, वरण थंड होऊन राहिलं."